एक्सल नट: चाकाच्या बेअरिंगचा शेवटचा घटक

मोटारीच्या चाकाचे बेअरिंग बदलण्याचे काम एक्सलच्या टोकावर बसणाऱ्या मोठ्या नटाने पुरे होते. गॅरेजमध्ये त्याला हब नट, एक्सल नट किंवा ड्राइव्हशाफ्ट नट म्हणतात. बहुतेक मोटारींत तो ३० ते ३६ मिलिमीटरच्या सॉकेटने फिरतो आणि २० ते २४ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर चढतो. बेअरिंग नामांकित कंपनीचे आणले, प्रेसवर सरळ बसवले आणि शेवटी जुनाच नट पुन्हा चढवला, किंवा आटे जुळले म्हणून दुसऱ्याच गाडीचा लावला, तर नवे बेअरिंग अकाली घरघरू लागू शकते. दोष मात्र बेअरिंगच्या माथी येतो. बेअरिंगच्या आत गोळ्यांना किंवा रोलरना मिळणारी जागा शेवटी या नटामुळे ठरते किंवा टिकते. म्हणून नटाची निवड बेअरिंगच्या प्रकारापासूनच सुरू करावी लागते.

चाकांच्या बेअरिंगचे या दृष्टीने दोन गट पडतात. पहिला गट निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टेपर बेअरिंगचा. हेन्री टिमकेन या अमेरिकी बग्गी-कारखानदाराने १८९८ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि मोटारींच्या चाकांत ती अनेक दशके मुख्य राहिली. हबमध्ये समोरासमोर दोन टेपर बेअरिंग बसतात, एक आत आणि एक बाहेर. बाहेरचे बेअरिंग आत ढकलले की रोलर आणि कडे यांच्यातली मोकळीक कमी होते. बाहेर येऊ दिले की वाढते. ही मोकळीक कारखान्यात ठरलेली नसते. ती जोडणी करणाऱ्याने नट फिरवून ठरवायची असते. ट्रक, ट्रॅक्टर, ट्रेलर, जीप आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक जुन्या मोटारींची पुढची चाके या गटात येतात.

दुसरा गट दुहेरी ओळीच्या बॉल बेअरिंगचा. त्यात बाहेरचे कडे एकच असते, आतली कडी मात्र दोन असतात आणि ती एकमेकांना चिकटून बसतात. त्यांची रुंदी कारखान्यात इतक्या नेमकेपणाने घासलेली असते की दोन्ही कडी एकमेकांवर घट्ट दाबली गेली की आतली मोकळीक आपोआप योग्य होते. येथे नटाला काहीही जुळवायचे नसते. त्याने फक्त दाबायचे असते, पण प्रचंड जोराने. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या मोटारींबरोबर ही रचना सर्वत्र पसरली. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी मोटार घरोघरी पोहोचली. त्याआधी रस्त्यावर राज्य करणाऱ्या अँबेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. पुढच्या चाकाच्या मधोमध, ड्राइव्हशाफ्टच्या टोकावर जोरात आवळलेला मोठा नट बहुसंख्य मेकॅनिकांच्या रोजच्या कामात आला तो या बदलानंतर.

नट एकच दिसला तरी ही दोन कामे परस्परांहून पूर्ण वेगळी आहेत. एकात तो अंतर राखतो, दुसऱ्यात दाब राखतो. नटाबाबतच्या बहुतेक चुका हा फरक न कळल्यामुळे होतात.

दाबाचा आकडा प्रत्यक्ष मांडला की त्याचे महत्त्व कळते. २४ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर नट २४० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला असे धरू. मोटारींच्या हब नटाचे टॉर्क साधारण १७५ ते ३०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, त्यामुळे हे उदाहरण वास्तवाला धरून आहे. घर्षण धरून काढलेला टॉर्कचा नेहमीचा गुणांक ०.२ घेतला, तर नटाखाली तयार होणारा दाब सुमारे ५० किलोन्यूटन येतो, म्हणजे पाच टनांहून थोडा जास्त भार. या दाबामुळे एक्सलचे टोक किंचित ताणले जाते, आणि त्या ताणामुळेच हब, बेअरिंगची आतली दोन कडी आणि ड्राइव्हशाफ्टचा खांदा एकजीव राहतात. विशेष म्हणजे लावलेल्या टॉर्कपैकी जवळपास निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. ताण निर्माण करायला जेमतेम एक दशांश उरतो. घर्षणात थोडा जरी बदल झाला, तरी या उरलेल्या भागात मोठा फरक पडतो. आट्यांना तेल लागून गुणांक ०.१५ झाला, तर त्याच २४० न्यूटन-मीटरला दाब सुमारे ६७ किलोन्यूटनवर जातो. नटावरचा लेप, त्याच्या बुडाचा व्यास, त्याखालचा वॉशर आणि आट्यांची स्वच्छता या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी म्हणूनच निर्णायक ठरतात.

दाब अपुरा पडला तर आतली दोन कडी एकमेकांपासून सुटू लागतात. गोळ्या आपल्या ठरलेल्या वाटेवरून सरकून खोबणीच्या काठाकडे धावतात, तिथे पृष्ठभाग सोलला जातो आणि घरघर सुरू होते. याच वेळी ड्राइव्हशाफ्टचे दाते हबच्या दात्यांत सूक्ष्म हालचाल करू लागतात. गाडी थांबून निघताना किंवा रिव्हर्स टाकताना चाकाकडून एकच ‘टक्’ असा आवाज येणे, ही त्याची ओळखीची खूण. पुष्कळदा तो आवाज ड्राइव्हशाफ्टच्या सांध्याचा समजून सांधा बदलला जातो आणि आवाज तसाच राहतो. हब हलू लागला की एबीएसच्या सेन्सरसमोरचे अंतरही बदलते आणि डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो.

नव्या पिढीच्या काही हब युनिटांत आतले कडे हबच्याच धातूचा काठ वळवून कायमचे बांधलेले असते. तिथे नट मुख्यतः ड्राइव्हशाफ्टला हबमध्ये धरून ठेवतो. बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही, त्यामुळे कोणत्याही युनिटचा नट पूर्ण टॉर्कने आवळणे हाच सुरक्षित नियम.

टेपर बेअरिंगचे गणित नेमके उलटे आहे. तिथे पाच टनांचा दाब दिला तर रोलर पिळले जातील, ग्रीस जळेल आणि बेअरिंग काही किलोमीटरांत जाम होईल. हाताने जुळवायच्या टेपर बेअरिंगमध्ये साधारणपणे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतकीच मोकळीक ठेवायची असते. काही कंपन्या अगदी हलका दाबही सांगतात. चाक फिरवत फिरवत नट आधी नीट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात आणि जास्तीचे ग्रीस बाजूला सरते. मग तो सैल करायचा, पुन्हा मॅन्युअलमधल्या हलक्या टॉर्कने किंवा नुसत्या हाताने टेकवायचा आणि त्या जागी कुलूपबंद करायचा.

ही कुलूपबंदीच अवघड आहे. १.५ मिलिमीटर पिचच्या आट्यांवर नट एक पूर्ण फेरा फिरला की १.५ मिलिमीटर पुढे जातो. कॅसल नटाला सहा खाचा असतात, म्हणजे एक्सलला एकच आरपार छिद्र असेल तर स्प्लिट पिन दर ६० अंशांनी बसू शकते. ६० अंश म्हणजे पाव मिलिमीटर, परवानगी असलेल्या कमाल मोकळिकीच्या दुप्पट. एका खाचेला बेअरिंग घट्ट आणि पुढच्या खाचेला चाक हलते, अशी कोंडी होते. म्हणून एक्सलला काटकोनात दोन छिद्रे पाडतात, तेव्हा पायरी ३० अंशांवर येते. किंवा साध्या षटकोनी नटावर खाचा असलेली पत्र्याची टोपी बसवतात. ती टोपी उचलून वेगळ्या कोनात ठेवली की नट न हलवता खाच छिद्रासमोर आणता येते. जुन्या गाडीचे बेअरिंग बदलताना ही टोपी हरवली म्हणून तिच्या जागी थेट कॅसल नट लावणे म्हणजे बारीक जुळवणीची सोयच काढून टाकणे.

येथेच दोन्ही गटांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. खाच आणि छिद्र जुळत नसतील तर काय करायचे? टेपर बेअरिंगमध्ये नट मागे फिरवून जवळच्या खाचेवर आणायचा, कारण किंचित मोकळीक चालते, जादा दाब चालत नाही. दाबाच्या गटात, म्हणजे ड्राइव्हशाफ्टवर कॅसल नट असेल तेव्हा, ठरलेला टॉर्क गाठल्यानंतर तो पुढच्याच खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीही फिरवायचा नाही, कारण मागे फिरवला की मिळवलेला दाब जातो. नट तोच, पिन तीच, नियम मात्र उलटे. एका प्रकारच्या गाड्यांवर हात बसलेला कारागीर दुसऱ्या प्रकारावर नेमका इथे चुकतो.

जड गाड्यांत आणि जीपमध्ये तिसरी रीत आढळते. एक नट बेअरिंगची मोकळीक ठरवतो, त्यावर वाकवता येणाऱ्या कानांचा वॉशर बसतो आणि वर दुसरा नट पहिल्याला जखडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या चाकांत हीच व्यवस्था होती. वरचा नट आवळताना खालचा किंचित पुढे सरकतो, म्हणून शेवटची मोकळीक दोन्ही नट आवळल्यावरच मोजायची. डायल गेज असेल तर उत्तम. वॉशरचे कान एकदा वाकवून सरळ केले की मुळाशी चिरतात. हा वॉशर स्वस्त असतो आणि दर वेळी नवा घालायचा असतो.

दाबाच्या गटातल्या नटाला सुटू न देण्याच्या रीती अनेक आहेत आणि नट निवडताना मुख्य प्रश्न तिथेच येतो. कॅसल नट आणि स्प्लिट पिन ही सर्वांत जुनी. पिन दाब राखत नाही, दाब गेला तरी नट पूर्ण निघून जाऊ नये एवढेच ती पाहते. तिचे माप छिद्राच्या व्यासावर ठरते: ३.२, ४, ५ मिलिमीटर अशी मापे मिळतात. छिद्रात सैल बसणारी बारीक पिन हलून हलून तुटते. खिळा किंवा तार घालणे हे तर अपघाताला दिलेले आमंत्रण आहे.

काठ ठोकून बसवायचा नट आज फार प्रचलित आहे. त्याच्या वरच्या बाजूला पातळ गळा असतो आणि एक्सलच्या आट्यांवर एक उभी खाच. टॉर्क दिल्यावर बोथट पंचने गळा त्या खाचेत दाबला की काम झाले. यात खाच-छिद्र जुळवण्याची कटकट नाही, त्यामुळे टॉर्क नेमका ठरलेला ठेवता येतो. मात्र एकदा ठोकलेला गळा पुन्हा कामाचा राहत नाही. तोच नट परत चढवला तर ठोकलेली जागा पुन्हा खाचेसमोर येईलच असे नाही. आली तरी धातू तिथे आधीच थकलेला असतो. काढतानाही घाई नडते. गळा छिन्नीने आधी नीट वर उचलावा लागतो. न उचलता इम्पॅक्ट गनने नट फिरवला तर तो गळा एक्सलचे आटे ओरबाडत बाहेर येतो आणि नटाच्या किमतीचा प्रश्न ड्राइव्हशाफ्टच्या किमतीवर जातो. नवा गळा ठोकताना धारदार छिन्नी वापरू नये, कारण काठ दाबला जाण्याऐवजी चिरतो. चिरलेला गळा दिसला तर तो नट काढून दुसरा लावणे एवढाच उपाय उरतो.

स्वतःच घट्ट राहणारे नट दोन प्रकारचे. एकात नायलॉनचे कडे असते. नायलॉन साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत भरवशाचे. लांब घाट उतरताना ब्रेकची चकती याहून कितीतरी जास्त तापते आणि शेजारच्या हबलाही तापवते, म्हणून ड्राइव्हशाफ्टवर बहुधा पूर्ण धातूचा प्रकार दिला जातो. त्यात नटाचे वरचे काही आटे मुद्दाम किंचित चपटे किंवा लंबगोल केलेले असतात. पहिल्या वापरात ही पकड सर्वांत चांगली असते, नंतर प्रत्येक वेळी घटते. अशा नटांच्या कसोट्यांसाठी आयएसओ २३२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण ते गोदामातून आलेल्या नव्या नटाला लागू. डब्यातून शोधून काढलेल्या जुन्या नटाची हमी कोणतेही मानक देत नाही. खरेदीच्या वेळी एक गोष्ट पाहावी: नट पूर्ण बसल्यावर एक्सलचे आटे पकडीच्या भागापलीकडे थोडे बाहेर दिसले पाहिजेत. नट जादा उंच असेल तर पकडीचा भाग आट्यांवर येतच नाही आणि महागडा लॉक नट साध्या नटासारखा सुटतो.

फोक्सवागन समूहाच्या काही मॉडेलांत नटाऐवजी ड्राइव्हशाफ्टच्या पोटात आवळला जाणारा लांब बोल्ट असतो. त्याला आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवायचे असते. काही मॉडेलांत २०० न्यूटन-मीटर आणि त्यावर आणखी १८० अंश. अंशांचे माप घर्षणावर अवलंबून नसते, म्हणून ही पद्धत अधिक नेमकी आहे. यात बोल्ट कायमचा ताणला जातो, त्यामुळे तो दुसऱ्यांदा वापरता येत नाही. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या डोक्याचे बोल्ट दिलेले असतात आणि प्रत्येकाचे आकडे निराळे असतात, म्हणून हातातल्या बोल्टचा भाग क्रमांक पाहूनच आकडा घ्यावा.

प्रकार ठरला की माप. व्यास आणि पिच दोन्ही जुळले पाहिजेत. एम २४ × १.५ आणि एम २४ × २ हे नट डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा नट एक-दोन आटे चढतो आणि मग अडतो. तो अडला म्हणून गन लावली की आटे गेलेच. पिच मोजण्याचा गेज थोडक्या पैशांत मिळतो. तो नसला तर साध्या नटाने तीन-चार फेरे बोटांनी सहज घेतले पाहिजेत, आणि लॉक नटाने पकडीचा भाग येईपर्यंत. काही जुन्या गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात, जसे सायकलच्या डाव्या पेडलला असतात. नट निघत नाही म्हणून लांब पाइप लावण्यापूर्वी हे तपासावे.

बुडाचा आकारही माप आहे. काही नटांना रुंद कॉलर असते, काहींना निमुळते बूड, तर काहींखाली सुटा वॉशर अपेक्षित असतो. कॉलरच्या जागी अरुंद नट लावला तर दाब लहान वर्तुळावर येतो आणि हबचा पृष्ठभाग दबून आवळपणा कमी होतो. सुटा वॉशर जुन्या हबला चिकटून भंगारात जातो आणि नव्या जोडणीत त्याची आठवण राहत नाही, ही नेहमीची गोष्ट. नटाच्या मजबुतीचा वर्ग ८, १० किंवा १२ असा कोरलेला असतो. खालच्या वर्गाचा नट पूर्ण टॉर्कलाच आटे सोडू शकतो. कारखान्यातून आलेल्या नटावर जस्ताच्या कणांचा करडा लेप असतो आणि कंपनीचा टॉर्क त्या लेपाचे घर्षण धरून काढलेला असतो. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाडीचा गंजलेला नट तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केला, तरी तो लेप परत येत नाही. ड्राइव्हशाफ्टचे आटे मात्र घासून, पुसून कोरडे करावेत. मॅन्युअलने तेल सांगितले असेल तरच तेल लावावे.

बसवताना घाई करण्याचे ठिकाण म्हणजे इम्पॅक्ट गन. काढायला ती ठीक आहे. लावताना तिचे ठोके टॉर्क किती झाला ते सांगत नाहीत, गोळ्यांना कड्यांवर आदळवतात आणि लॉक नटाची पकड पहिल्याच वेळी झिजवतात. हाताने आटे चढवून टॉर्क रेंचने आवळावे. अर्ध्या इंचाचे बरेच टॉर्क रेंच २०० न्यूटन-मीटरच्या आसपास संपतात, म्हणून आधी रेंचची मर्यादा पाहावी. अर्धा मीटर लांब पाइपने २४० न्यूटन-मीटर गाठायला टोकावर सुमारे ४९ किलोचा जोर लागतो. अंदाजाने तो जोर कोणी ३० किलोचा लावतो, कोणी अंगाचे सगळे वजन टाकतो. एककांचा घोळही महाग पडतो: एक पाउंड-फूट म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधले १७५ पाउंड-फूट न्यूटन-मीटर समजून लावले तर चौथ्या हिश्श्याहून जास्त टॉर्क कमी पडतो.

नट पूर्ण आवळला जाईपर्यंत चाकावर गाडीचे वजन येता कामा नये. सैल नटावर गाडी जमिनीला टेकवून पुढे-मागे ढकलली तर दोन कडी विलग असताना सगळा भार गोळ्यांच्या काठावर येतो आणि नवे बेअरिंग रस्त्यावर येण्याआधीच जखमी होते. गाडी स्टँडवर ठेवून, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून नट आवळणे हा साधा मार्ग. हब फिरू नये म्हणून चकतीच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर अडकवणाऱ्यांनी चकती आणि कॅलिपर दोन्ही सांभाळावेत.

नटाच्या जागी चालणाऱ्या काही जुगाडांना मात्र कोणत्याही परिस्थितीत थारा देऊ नये. जुना नट वेल्डिंगचा टाका मारून एक्सलला चिकटवला, की ती उष्णता एक्सलचे कठीण केलेले टोक मऊ करते, बेअरिंगच्या सीलपर्यंत पोहोचते आणि पुढच्या वेळी नट काढायचा तर एक्सलच कापावा लागतो. आटे चिकटवणारे द्रव लॉक नटाची जागा घेत नाहीत. कंपनीने सांगितले नसताना ते लावले तर घर्षण बदलून दाबाचे सगळे गणित चुकते.

बेअरिंगच्या बॉक्समध्ये बहुधा नट, सर्क्लिप किंवा पिन दिलेली असते, पण नेहमी नाही, आणि स्वस्त किटमधला नट मूळ नटासारखाच असेल याची खात्री नसते. गाडीचा चेसिस क्रमांक देऊन भाग क्रमांक घ्यावा आणि जुना नट बाजूला ठेवून आटे, उंची, बूड आणि गळा नव्याशी ताडून पाहावेत. गाडी ताब्यात घेताना बिलावर बेअरिंगच्या ओळीखाली नटाची ओळ आहे का, हे वाचकाने जरूर पाहावे. नसेल, तर जुना नट पुन्हा लावला का, असे स्पष्ट विचारावे.